सेंट हेलेनाचं चालतं कशावर?

प्रश्न असा आहे: "सेंट हेलेना म्हटलं की फक्त नेपोलियन सापडतो. ते बेट आज नेमकं कुणाचं, तिथे राज्य कोण करतं आणि लोकांचं पोट कशावर चालतं?"

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. हे बेट स्वतःच्या उत्पन्नावर असं कधी जगलंच नाही. ते जगलं कुणाच्या तरी वाटेवर असल्यामुळे. वाट बदलली की बेटाची अवस्था बदलते, आणि वाट बदलायचा निर्णय दरवेळी हजारो किलोमीटर दूर कुठेतरी होतो. इतिहास, कारभार आणि पैसा हे तिन्ही या एका धाग्यात ओवले की बरंचसं कोडं सुटतं.

दक्षिण अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ १९०० किलोमीटरवर हा ज्वालामुखीतून वर आलेला खडक आहे. क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस किलोमीटर. किनाऱ्याला वाळूच्या चौपाट्या जवळपास नाहीतच, सरळ उभे कडे आहेत. खाली उघडी, करपलेली जमीन, आणि मधल्या डोंगरमाथ्यावर, डायनाज पीकच्या आसपास ८०० मीटरच्या वर, सतत ढगात भिजणारं दाट हिरवं जंगल. राजधानी जेम्सटाउन एका अरुंद घळीत कोंबलेली आहे. रस्ता एकच मोठा, दोन्ही बाजूंना डोंगर. घळीतून वरच्या वस्तीकडे थेट जाणारा ६९९ पायऱ्यांचा जिना आहे, त्याला जेकब्ज लॅडर म्हणतात. १८२९ मध्ये तो मुळात माल ओढून न्यायच्या उतरत्या रुळांसाठी बांधला होता. मंडळी स्वतःला 'सेंट्स' म्हणवतात. २०२१ च्या जनगणनेत ती साधारण ४,४०० भरली. मूळ रहिवासी असे कुणीच नव्हते. इंग्रज वसाहतवाले, मादागास्कर, आफ्रिका आणि हिंदुस्थानातून आणलेले गुलाम, चिनी मजूर, सैनिक या सगळ्यांच्या मिसळणीतून ही माणसं झाली.

आता वाटेचं. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द नोव्हा हिंदुस्थानातून परतताना १५०२ मध्ये इथे पोचला, असं मानलं जातं. परततानाच, हे महत्त्वाचं. शिडाच्या काळात जाणारी जहाजं वाऱ्याच्या सोयीने ब्राझीलच्या बाजूला वळसा घालून केपकडे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, जात. येणारी जहाजं केप ओलांडली की आग्नेय व्यापारी वारे आणि बेंग्वेला प्रवाह यांच्या जोरावर सरळ वायव्येला सुटत, आणि त्या रेषेवर बरोब्बर हे बेट पडतं. म्हणजे मिरी, कापड, चहा भरलेली, महिनोन्महिने समुद्रावर असलेली, स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या खलाशांची जहाजं इथे थांबत. त्यांना गोडं पाणी, लिंबं, हिरवा पाला आणि ताजं मांस हवं असे. पोर्तुगीजांनी शेळ्या सोडल्या, फळझाडं लावली, वस्ती मात्र केली नाही. त्या शेळ्यांनी पुढे बेटाची झाडं खाऊन डोंगर बोडके केले, ती भरपाई अजून चालू आहे.

पहिला कायमचा रहिवासी थेट गोव्यातून आला, आणि त्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई. हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क मलाक्काला गेला असताना गोव्यात राहिलेल्यांपैकी काहीजण आदिलशाही सरदार रसूलखानाला जाऊन मिळाले आणि मुसलमान झाले, त्यांत हा होता. १५१२ मध्ये आल्बुकेर्कने बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा घातला. रसूलखानाने शरण येताना या फितुरांचा जीव वाचवायची अट घातली. आल्बुकेर्कने अट शब्दशः पाळली: जीव घेतला नाही. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा छाटला. काही वर्षांनी पोर्तुगालला परतणाऱ्या जहाजावरून लोपिश सेंट हेलेनाला उतरला आणि लपून राहिला. मधे एकदा त्याला लिस्बन आणि रोमलाही नेलं, पण तो हट्टाने परत आला आणि १५४५ च्या सुमारास तिथेच मेला.

इंग्रजी ईस्ट इंडिया कंपनीने १६५९ मध्ये बेट ताब्यात घेऊन तटबंदी केली. १६७३ च्या सुरुवातीला डचांनी ते हिसकावलं आणि काही महिन्यांतच इंग्रजांनी परत घेतलं. या परत घेण्यात किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीचा म्होरक्या होता रिचर्ड केगविन, आणि पाठोपाठ काही काळ तोच बेटाचा गव्हर्नर झाला. मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं वाटायला हरकत नाही. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात शिवाजी महाराजांच्या आरमाराशी 'रिव्हेंज' जहाजावरून लढला तो हाच, आणि १६८३ च्या डिसेंबरात कंपनीविरुद्ध बंड करून मुंबईचा ताबा घेऊन बसला तोही हाच. मुंबई आणि सेंट हेलेना या एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या दोन चौक्या होत्या. गव्हर्नर, त्याचं कौन्सिल, कंपनीची कोठी, पगारी शिपाई, जमीन घेऊन बदल्यात पहारा देणारे वसाहतवाले, हा साचा दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की मुंबईच्या मागे मुलूख होता आणि सेंट हेलेनाच्या मागे फक्त पाणी.

कंपनीच्या १७५ वर्षांत बेटाला काम एकच होतं, परतीच्या जहाजांची बडदास्त ठेवणं. युद्ध सुरू असलं की जहाजं इथे एकत्र थांबत आणि आरमाराच्या संरक्षणात ताफ्याने पुढे जात. खर्च कंपनी सोसे. बेट स्वतः तोट्यातच होतं, पण हिंदुस्थानच्या नफ्यापुढे तो तोटा किरकोळ होता. आजचा हिशेब समजून घेताना हे ध्यानात ठेवायला हवं: 'तोट्यातलं बेट' ही तक्रार साडेतीनशे वर्षांची आहे, आणि ते तोट्यात ठेवणं कुणाच्या तरी सोयीचं असेपर्यंत कुणी ती फार मनावर घेतली नाही.

हिंदुस्थानातून मायदेशी परतणारा आर्थर वेलस्ली, म्हणजे असईच्या लढाईतला, १८०५ मध्ये इथे थांबून गेला. दहा वर्षांनी त्यानेच वॉटर्लूला हरवलेला नेपोलियन ऑक्टोबर १८१५ मध्ये कैदी म्हणून इथे उतरला आणि ५ मे १८२१ रोजी लाँगवुड हाउसमध्ये वारला. नेपोलियनवर लिहिणारे त्याच्या पोटदुखीवर आणि गव्हर्नर हडसन लोशी झालेल्या भांडणांवर पानंच्या पानं लिहितात. बेटाच्या दृष्टीने मुद्दा वेगळा होता. एका माणसाला राखण्यासाठी मोठी फौज आणि गस्तीची गलबतं आली, मांस-भाजीचे भाव चढले, दुकानदार आणि शेतकरी मालामाल झाले. तो मेला, फौज गेली, भाव कोसळले. शव १८४० मध्ये फ्रान्सला नेलं. लाँगवुड आणि रिकामी कबर असलेली दरी १८५८ पासून फ्रेंच सरकारच्या मालकीची आहे, अजूनही.

कैदी सांभाळणं हा बेटाचा एक धंदाच होऊन बसला असं म्हटलं तर चूक नाही. झुलू राजपुत्र दिनुझुलू १८९० पासून काही वर्षं इथे होता. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातले पाच-सहा हजार कैदी १९०० पासून आले, तेव्हा १९०१ ची लोकसंख्या ९,८५० वर गेली. तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही. १९५७ मध्ये बहरीनचे तीन राजकीय कैदीही आणून ठेवले होते. मधला एक अध्याय याहून काळा आहे. १८४० नंतर ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरची माणसं, सुमारे २५,००० आफ्रिकी, इथे उतरवली गेली. जहाजाच्या तळघरातून निघाली तेव्हाच कित्येक मरणाला टेकली होती. सुमारे ८,००० जण रूपर्ट्स व्हॅलीत पुरले गेले. विमानतळाचा रस्ता काढताना २००८ मध्ये त्यांतले ३२५ सांगाडे उकरावे लागले आणि त्यांचं सन्मानाने पुन्हा दफन व्हायला २०२२ उजाडलं.

पहिला मोठा फटका १८३४ चा. बेट कंपनीकडून ब्रिटिश राजसत्तेकडे गेलं. लंडनने लगेच कात्री चालवली: फौज कमी, पगार कमी, कंपनीचे जुने नोकर घरी. ज्यांना जमलं ते केपला निघून गेले. दुसरा फटका १८६९ चा, सुएझ कालव्याचा. मुंबईची भरभराट ज्या घटनेने झाली त्याच घटनेने सेंट हेलेना बुडालं. १८५५ मध्ये वर्षाला ११०० जहाजं थांबत होती, १८८९ मध्ये २८८. वाफेच्या बोटींना वाऱ्याची गरज नव्हती आणि थांब्याचीही फारशी नाही.

मग आलं न्यूझीलंड फ्लॅक्स. घायपातासारखी लांब पानं, गिरणीत सोलून त्यांचा काथ्या काढायचा, त्याची दोरी, सुतळी आणि मुख्य म्हणजे टपालाच्या पिशव्यांसाठी धागा करायचा. १९०७ पासून हा उद्योग रीतसर उभा राहिला, महायुद्धांत भाव चढले, १९५१ च्या सुमारास कळस गाठला. जेवढी सपाट, ओली जमीन होती तेवढी फ्लॅक्सखाली गेली. धान्य-भाजीपाला बाहेरून आणायची सवय तिथून लागली. गिऱ्हाईक मुख्यतः एकच, ब्रिटिश टपाल खातं. साठच्या दशकाच्या मध्यात त्या खात्याने कृत्रिम धागा वापरायचं ठरवलं आणि बेटावरच्या गिरण्या लागोपाठ बंद पडल्या. बेटाचा एकमेव निर्यात उद्योग लंडनच्या एका खरेदी-निर्णयाने संपला. फ्लॅक्स मात्र गेला नाही. आज तो तण म्हणून ओल्या उतारांवर माजला आहे आणि स्थानिक झाडं परत लावायची तर आधी तो कापावा लागतो.

तिथून पुढे माणसंच निर्यात होऊ लागली. असेन्शन बेटावर, फॉकलंडवर, इंग्लंडात नोकरी, आणि घरी पैसे. मुलं आजी-आजोबांकडे वाढायची. मनीऑर्डरवर चालणारं कोकण ज्यांनी पाहिलं किंवा ऐकलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. यात नागरिकत्वाची एक गोम होती. १९८१ च्या ब्रिटिश कायद्याने सेंट्सचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गेला. पासपोर्ट ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये मुक्काम परवानगीने. तो हक्क २१ मे २००२ रोजी परत मिळाला. लोक खूश झाले आणि निघाले. १९९८ मध्ये पाच हजारांच्या आसपास असलेली वस्ती २००८ मध्ये सव्वाचार हजारांवर आली. काम करू शकणारे गेले, म्हातारे आणि लेकरं उरली. आज चारातला निदान एक माणूस पासष्टी ओलांडलेला आहे. शाळा, दवाखाना, वृद्धसेवा यांचा खर्च मात्र माणसं कमी झाली म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही, ही या जागेची कायमची अडचण.

कारभाराकडे वळू. सेंट हेलेना हा ब्रिटनचा 'समुद्रापारचा प्रदेश' आहे. ब्रिटनचा भाग नाही, त्यामुळे वेस्टमिन्स्टरच्या संसदेत त्यांचा खासदार नसतो, पण लंडन त्यांच्यासाठी कायदा करू शकतं. २००९ च्या राज्यघटनेने सेंट हेलेना, असेन्शन आणि ट्रिस्टन द कून्हा ही तीन बेटं बरोबरीच्या नात्याने एकत्र धरली. त्याआधी उरलेली दोन सेंट हेलेनाची 'आश्रित' म्हणवली जात. गव्हर्नर तिघांचा एकच, बाकी कारभार, अर्थसंकल्प, परिषदा वेगवेगळ्या. असेन्शन आणि ट्रिस्टनवर गव्हर्नरच्या वतीने एकेक प्रशासक बसतो.

सेंट हेलेनात १२ निवडून आलेले सदस्य असतात, मुदत चार वर्षं. पक्ष नाहीत, सगळे अपक्ष. पूर्वी समित्यांमार्फत काम चाले, निर्णय सामूहिक आणि त्यामुळे जबाबदारी कुणाचीच नाही असा प्रकार होई. ऑक्टोबर २०२१ पासून मंत्रिपद्धत आली. सदस्य आपल्यातून मुख्यमंत्री निवडतात, मुख्यमंत्री चार मंत्री घेतात, उरलेल्या सातांनी या पाचांवर लक्ष ठेवायचं. पहिल्या मुख्यमंत्री ज्युली थॉमस. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, पोलीस आणि अंतर्गत सुरक्षा, सरकारी नोकरवर्ग ही खाती गव्हर्नरच्या हाती असतात. बाकी विषयांत त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं. सरकारची कचेरी अजूनही जेम्सटाउनच्या 'कॅसल'मध्ये, कंपनीच्या जागेवरच. गव्हर्नर राहतो प्लँटेशन हाउसमध्ये, जिथल्या हिरवळीवर जोनाथन हे राक्षसी कासव १८८२ पासून चरत आहे. त्याचा जन्म १८३२ च्या आसपासचा मानतात, म्हणजे त्याचं वय बेटावरच्या राजसत्तेच्या कारकिर्दीएवढंच आहे.

कागदावर हे सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात तीन ठिकाणी अडतं. एक, साडेचार हजार लोकांत डॉक्टर, अभियंता, लेखापाल, सरकारी वकील पुरेसे निघत नाहीत. ते ब्रिटनमधून दोन-तीन वर्षांच्या करारावर आणतात. त्यांना तिथे 'टीसी' म्हणतात, तांत्रिक सहकार्याच्या योजनेतले. त्यांचा पगार त्याच कचेरीतल्या स्थानिक माणसाच्या कितीतरी पट असतो आणि ते कामात मुरतात तोवर जायची वेळ येते. यावरची नाराजी जुनी आणि रास्त आहे. दोन, सगळे एकमेकांचे नातलग किंवा शेजारी, त्यामुळे हितसंबंध बाजूला ठेवून निर्णय घेणं अवघड. तीन, मंत्री निवडून आलेले असले तरी तिजोरीची किल्ली लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे.

ही तिसरी गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दरवर्षी ब्रिटनकडून सुमारे ३ कोटी पौंडांची मदत येते. ही दानधर्माची रक्कम नाही. आपल्या प्रदेशांच्या 'वाजवी गरजा' भागवणं हा ब्रिटनच्या मदतनिधीवरचा पहिला हक्क, असं लंडनचं जाहीर धोरण आहे. पण 'वाजवी' म्हणजे किती हे कोण ठरवणार? त्यासाठी लंडनहून अधिकाऱ्यांचं पथक येतं, खात्याखात्याचे आकडे तपासतं, घासाघीस होते आणि वर्षाचा आकडा ठरतो. त्यामुळे पाच वर्षांचं नियोजन करणं फार कठीण जातं. स्थानिक उत्पन्न म्हणजे आयात माल आणि इंधनावरची जकात, प्राप्तिकर, आणि सरकारी सेवांचं शुल्क. जकातीवर इतकं विसंबणं म्हणजे जहाज उशिरा आलं की दुकानं रिकामी आणि त्या महिन्याची तिजोरीही हलकी.

चलन सेंट हेलेना पौंड, ब्रिटिश पौंडाशी एकास एक बांधलेलं. बँक एकच, बँक ऑफ सेंट हेलेना, २००४ पासून. स्वतंत्र व्याजदर-धोरण वगैरे काही नाही, आणि एवढ्या अर्थव्यवस्थेत ते शक्यही नाही. सर्वांत मोठा मालक सरकार. वीज आणि पाणी सरकारी मालकीची कनेक्ट सेंट हेलेना ही कंपनी पुरवते. डेडवूडच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, सौर पट्ट्याही आहेत, पण कणा अजून डिझेलचाच. मासेमारी गळ आणि काठीने, एकेक ट्यूना ओढून. पर्यावरणाला ही पद्धत उत्तम, पण होड्या छोट्या, शीतगृह चालवणं महाग, आणि मासेमारीचं सरकारी महामंडळ २०२१ मध्ये गुंडाळावं लागलं. कॉफी १७३३ मध्ये येमेनहून आली, एकाच वाणाची, चवीला नाव आहे. उत्पादन एवढं थोडं की तिच्यावर बेट चालणार नाही. पर्यटन-पुस्तिकांत कॉफीला जेवढी जागा मिळते तेवढी हिशेबाच्या वहीत मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता विमानतळ. सेंट हेलेनावर बोलताना सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच.

२०१७ पर्यंत बेटावर जायचं एकच नियमित साधन: आरएमएस सेंट हेलेना हे मालवाहू-प्रवासी जहाज, केप टाउनहून पाच रात्री. अनुदान ब्रिटनचं. जहाज म्हातारं झालं. नवं बांधायचं की विमानतळ करायचा, या वादात लंडनने विमानतळ निवडला. नोव्हेंबर २०११ मध्ये बेसिल रीड या दक्षिण आफ्रिकी कंपनीशी करार झाला, एकूण खर्च २८.५ कोटी पौंड. बेटावर सपाट जागा एकच, पूर्व कड्यावरचं प्रॉस्परस बे प्लेन. तीही पुरेना, म्हणून ड्राय गट नावाची दरी सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने, जवळजवळ १०० मीटर उंचीपर्यंत भरून काढली. धावपट्टी १,९५० मीटर. यंत्रसामग्री, सिमेंट, स्फोटकं सगळं जहाजाने. अभियांत्रिकी म्हणून काम अव्वल झालं.

अडलं वाऱ्यावर. आग्नेय व्यापारी वारा, ज्याने या बेटाला जन्मभर गिऱ्हाईक आणून दिलं, तोच इथे कड्यावर आपटून वर उसळतो. धावपट्टी साधारण दक्षिणोत्तर. विमानाने वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं असतं, म्हणजे उत्तरेकडून यायचं. पण उत्तर टोकाशी कडे आणि सुळके आहेत. तिथे काही सेकंदांत वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलते, नेमकी विमान जमिनीजवळ आणि संथ असताना. दक्षिणेकडून यावं तर हवा शांत, पण वारा पाठीमागून. मग विमान वेगात टेकतं, थांबायला जास्त धावपट्टी लागते, आणि ती तर १,९५० मीटरच. एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७-८०० विमानाने चाचणी घेतली तेव्हा उत्तरेकडच्या धक्क्यांनी हे उघड झालं. मे २०१६ चं उद्घाटन रद्द. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी 'जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ' म्हणून झोडलं आणि ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीनेही वर्षअखेर खरमरीत अहवाल दिला.

तोडगा तांत्रिक आणि साधा निघाला. मोठं बोइंग सोडून एम्ब्रेअर १९० घ्यायचं, जे पाठवारा आणि आखूड धावपट्टी जास्त सोसतं, आणि वजन कमी ठेवायचं. जवळपास शंभर आसनांच्या विमानात सुरुवातीला ७६ च प्रवासी नेले जात. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी एअरलिंक या दक्षिण आफ्रिकी कंपनीचं पहिलं नियमित विमान उतरलं. आणखी एक अट: उतरता आलं नाही तर जायचं कुठे? जवळचा विमानतळ असेन्शनचा, १,३०० किलोमीटरवर. म्हणून जोहान्सबर्गहून निघालेलं विमान नामिबियात इंधन भरतं, जेणेकरून बेटापर्यंत येऊन न उतरता परत जाण्याइतका साठा राहील. प्रत्येक जास्तीचा लिटर म्हणजे कमी प्रवासी. तिकीट महाग का, याचं उत्तर इथे आहे.

मग विमानतळ चुकला का? पैशाच्या बाजूने, हो. बांधतानाचा अंदाज कालांतराने वर्षाला ३०,००० पर्यटक येतील आणि बेट स्वतःच्या पायावर उभं राहील असा होता. आठवड्याला एखाद-दुसरं पाऊणशे-शंभर आसनांचं विमान असेल तर ते गणितच बसत नाही, शिवाय तेवढ्या खोल्याही बेटावर नव्हत्या. वाऱ्याची मोजणी झाली होती, पण खऱ्या विमानाची उतरण्याची कसून चाचणी धावपट्टी झाल्यावर झाली, हा क्रम उलटा. पण माणसाच्या बाजूने पाहिलं तर उत्तर बदलतं. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाला जहाजाची वाट पाहावी लागे, मग पाच रात्री. नियमित सेवा सुरू होण्याआधीच, २०१६ मध्ये, रुग्णाला नेणारं छोटं विमान तिथून उडालं होतं. हा फायदा कुठल्याच पर्यटन-अंदाजात धरलेला नव्हता. आरएमएसने फेब्रुवारी २०१८ मध्ये शेवटची फेरी केली. आता माल वेगळ्या मालवाहू जहाजाने केप टाउनहून येतो आणि ते लांबलं की कांदे-बटाटे-अंड्यांची टंचाई आजही होते.

सध्याची नवी वाट पाण्याखालून आली आहे. गूगलच्या इक्वियानो या समुद्री केबलची फांदी ऑगस्ट २०२१ मध्ये बेटावर टेकवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती लोकांसाठी सुरू झाली. तोवर सगळं बेट एका उपग्रह-थाळीवर होतं आणि मोबाइल फोन तर २०१५ मध्ये आले. केबलची क्षमता चार-साडेचार हजार लोकांच्या गरजेच्या कैकपट आहे. उरलेली उपग्रह कंपन्यांच्या भूकेंद्रांना, म्हणजे उपग्रहांशी बोलणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांना, विकायची असा बेत आहे, कारण दक्षिण अटलांटिकच्या मधोमध जमीन हीच दुर्मीळ वस्तू. बेत शहाणपणाचा आहे, कारण त्याला ना जहाज लागतं ना वारा. पण भूकेंद्रांत नोकऱ्या फार नसतात, आणि भाडं कमी ठेवून गिऱ्हाईक आणायचं की घासून जास्त घ्यायचं, हा प्रश्न उरतोच.

शेजारच्या दोघांबद्दल थोडक्यात. असेन्शनवर नेपोलियनला राखण्यासाठी १८१५ मध्ये फौज ठेवली, १९२२ पासून ते सेंट हेलेनाशी जोडलं गेलं. तिथे कायम राहण्याचा हक्क कुणालाच नाही. नोकरी आहे तोवर मुक्काम. अमेरिकेने १९४२ मध्ये बांधलेली धावपट्टी, दळणवळण केंद्रं आणि बीबीसीचं प्रक्षेपण यांवर ते चालतं. ट्रिस्टनवर अडीचशेच्या आत माणसं, विमानतळ नाही, केप टाउनहून बोटीने आठवडाभर. उत्पन्न मुख्यतः शेवंडीचं, आणि शेवंडीच्या जोरावर ते तिघांत सर्वांत स्वावलंबी राहिलं आहे.

जायचंच असेल तर: मुंबईहून जोहान्सबर्ग, तिथे बहुधा मुक्काम, मग आठवड्याचं विमान. भारतीय पासपोर्टला दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो, आणि परतताना पुन्हा त्या देशात शिरायचं असल्याने एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा. सेंट हेलेनाच्या प्रवेश-परवानगीचे नियम निघण्याआधी त्यांच्या सरकारी पानावर तपासा. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च भागवणारा विमा बंधनकारक आहे आणि तो कागद हातात ठेवावा. ढग आणि वाऱ्यामुळे विमान परत फिरतं, तेव्हा पुढच्या तिकिटात दोन-तीन दिवसांची ढील ठेवा. रोख ब्रिटिश पौंड न्या, ते सगळीकडे चालतात. सुटे म्हणून हाती आलेल्या सेंट हेलेनाच्या नोटा मात्र निघण्याआधी बँकेत बदलून घ्या. असेन्शन सोडलं तर बेटाबाहेर त्या कुणी घेत नाही, लंडनमध्येही नाही.